नराऱ्याची सहल ओहोटीच्या वेळेनुसार आखावी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की महाराष्ट्रातून सौराष्ट्राकडे सहलींची रीघ लागते. द्वारका, सोमनाथ, पोरबंदर आणि गीर या ठरलेल्या ठिकाणांच्या जोडीला आता काही सहल कंपन्या जामनगरजवळच्या नरारा या किनाऱ्याचीही भर घालू लागल्या आहेत. ही भर स्वागतार्ह आहे. देवदर्शनाला निघालेल्या आपल्या माणसांना वाटेत समुद्राच्या पोटातले जग पायी चालत पाहता यावे, यासारखा दुसरा योग नाही. परंतु ही फेरी ज्या घाईने आणि ज्या बेफिकिरीने उरकली जाते, तिच्यामुळे पर्यटकाच्या पदरी फारसे काही पडत नाही आणि तिथल्या जिवांचे मात्र नुकसान होते. सहली आखणाऱ्यांनी आणि सहलीला जाणाऱ्यांनी या हंगामापूर्वीच काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात, म्हणून हा पत्रप्रपंच.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, ओखा ते जोडिया या पट्ट्यात, भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. 1980 मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि 1982 मध्ये त्यातल्या गाभ्याच्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 42 बेटे, तिवरांची जंगले, चिखलाची मैदाने आणि प्रवाळांचे खडक असा हा सारा पसारा आहे. त्यातला बहुतेक भाग सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. पिरोटन बेटावर जायचे तर होडी लागते, भरतीच्या पाण्यावर जाऊन पुढच्या भरतीलाच परतावे लागते आणि परवानगीच्या अटीही कडक आहेत. वाडीनारजवळचे नरारा मात्र जमिनीला जोडलेले आहे. जामनगर–द्वारका महामार्ग सोडून समुद्राच्या दिशेला वळले की गाडी थेट किनाऱ्यापर्यंत जाते. तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची, सोबत स्थानिक वाटाड्या घ्यायचा आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावरून चालत निघायचे. सागरी उद्यान पाहायला पाणबुड्याचा पोशाख लागतो असे समजणाऱ्यांना हे ठाऊकच नसते की, येथे घोटाभर, फार तर गुडघाभर पाण्यातून चालता येणाऱ्या साठीच्या माणसालाही जिवंत प्रवाळ पाहता येते.

ही वाट अंतराने अगदी लहान आहे. सुरुवातीला तिवरांच्या कडेची चिखलट जमीन लागते. तिवरांची बोटभर उंचीची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि त्यांच्यामधून निवट्या हे चिखलातले छोटे मासे टुणटुण उड्या मारत पळतात. पुढे वाळू आणि मेलेल्या प्रवाळांचा खडबडीत थर, आणि त्यानंतर पाण्याची लहानमोठी डबकी सुरू होतात. खरे पाहण्यासारखे आहे ते या डबक्यांत. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही. दगड, शेवाळ, गढूळसर पाणी, एवढेच. मग वाटाड्या थांबायला सांगतो, आपली सावली पाण्यावरून बाजूला घ्यायला सांगतो, आणि जो दगड वाटत होता तो हलतो. तो ऑक्टोपस असतो. वाळूवर असताना तो वाळूच्या रंगाचा असतो, शेवाळाजवळ सरकताच त्याच्या अंगावर हिरवट-तपकिरी ठिपके उमटतात, आणि फटीत शिरताना त्याचा एकच डोळा बाहेर राहतो, तो आपल्यावर रोखलेला. त्याच डबक्यात दोन तळहातांएवढे पसरलेले सागरी फूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक प्राणी, असते. त्याच्या शुंडकांच्या झुबक्यात इवली पारदर्शक कोळंबी सुखाने वावरत असते, कारण फुलाचा डंख इतरांना लागतो, तिला लागत नाही. समुद्रकाकड्या तळाची वाळू गिळून त्यातले सेंद्रिय कण शोषून घेत असतात. मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी असलेली गोल प्रवाळे पाण्याखाली फिकट हिरवी दिसतात. जवळून पाहिले तर त्या प्रत्येक वळीत अनेक इवले जीव एकमेकांना चिकटून बसलेले असतात. शेजारी करड्या रंगाचा समुद्रबगळा आपल्याहून अधिक चिकाटीने उभा असतो, आणि तो नेमके कुठे पाहतो आहे ते आपण पाहिले तर मासाही दिसतो.

एवढे पाहायला दोन तास पुरतात. त्याहून जास्त वेळ समुद्र देतही नाही. येथूनच माझ्या मुख्य मुद्द्याला सुरुवात होते.

नराऱ्याच्या फेरीची वेळ ठरवण्याचा अधिकार सहल कंपनीला नाही, ती चंद्र ठरवतो. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्या रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. कोकणात आजही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसे आहेत. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-साडेअकरा, असा तो हिशेब. कच्छच्या आखातात पाणी तोंडाकडून आत चढत जाते, त्यामुळे तिथली वेळ आपल्या वेळेहून थोडी मागे पडते आणि ती तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच पाहावी लागते. पण तत्त्व तेच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप वर येते आणि तितकेच खूप खाली जाते. कच्छच्या आखातात हा फरक मोठा आहे. तोंडाशी तीनचार मीटर आणि आत शिरत जावे तसा सहासात मीटरपर्यंत. म्हणजे प्रवाळाचा खडक सर्वांत जास्त उघडा पडतो तो उधाणाच्या दिवसांत, आणि तोही सकाळी लवकर किंवा संध्याकाळकडे, कारण त्या दिवसांत ऐन दुपारी भरती असते. उलट सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारच्या सोयीच्या वेळी येते खरी, पण पाणी पुरेसे ओसरतच नाही.

आता सहलीचा कार्यक्रम पाहावा. सकाळी जामनगरहून निघायचे, वाटेत नरारा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी द्वारकेला आरती. तिथी कोणतीही असो, नराऱ्याची वेळ अकरा ते बारा. गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर मी अशाच एका सहलीत होतो. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस होते. बस पोहोचली तेव्हा पाणी तिवरांच्या बुंध्यांना लागले होते. चाळीसएक माणसे काठावर उभी राहिली, छायाचित्रे काढली, ‘इथे तर काहीच नाही’ असे म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली. व्यवस्थापकाला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, कार्यक्रमात नरारा होते आणि ते दाखवले. पैसे भरलेल्या माणसाची ही फसवणूकच आहे. भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी उपलब्ध असतात. सोमनाथाच्या आरतीची वेळ पाळता येते, गीरच्या सफारीची वेळ पाळता येते, मग ओहोटीची का पाळता येऊ नये?

मी परतीच्या प्रवासात जामनगरला मागे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा नराऱ्याला गेलो. वर वर्णन केले ते सारे त्या सकाळी पाहिले. पण त्याच सकाळी जे आणखी पाहिले, त्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

आमच्या पुढे एक मोठा गट होता. त्यांच्या सोबतच्या माणसाने एका डबक्यातून केंड मासा उचलला. केंड घाबरला की पाणी गिळून टम्म फुगतो आणि शत्रूच्या घशात मावेनासा होतो. हे त्याचे संकटातले शेवटचे साधन आहे. पाण्याबाहेर काढल्यावर तो पाण्याऐवजी हवा भरून घेतो आणि ती हवा त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. तो फुगलेला मासा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. प्रत्येकाने त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेतले, एका मुलाच्या हातून तो खडकावर पडला, पुन्हा उचलला गेला. शेवटी पाण्यात सोडला तेव्हा तो पोट वर करून तरंगत राहिला. पुढे ऑक्टोपसचीही पाळी आली. त्याला फटीतून काठीने ढोसून बाहेर काढले, त्याने शाई सोडली आणि टाळ्या पडल्या. हे सारे एका राष्ट्रीय उद्यानात घडत होते, जिथे एखादा शिंपला उचलून खिशात टाकणेसुद्धा नियमबाह्य आहे. ताडोबात वाघाच्या बछड्याला कोणी हातात घेऊन फिरवले तर केवढा गहजब होईल! समुद्रातल्या प्राण्याला आवाज नाही, डोळ्यांत आपल्याला ओळखता येईल असे भय नाही, म्हणून त्याच्याशी कसेही वागावे, अशी आपली समजूत झालेली दिसते.

या प्रकाराचा दोष केवळ वाटाड्यांवर ढकलणे अन्यायाचे होईल. तिथले वाटाडे आसपासच्या गावांतले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची नजर इतकी तयार आहे की, आपल्याला दगड दिसतो तिथे त्यांना सागरी गोगलगाय दिसते. माझ्यासोबत आलेल्या तरुणाने एकाही प्राण्याला हात लावला नाही. एक दगड त्याने हलकेच उलटला, खालचे बारीक लवचिक हातांचे भंगुरतारे (तारामाशांसारखे प्राणी) दाखवले आणि तो दगड होता तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवला. मी कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले की, दगडाच्या खालच्या बाजूला जे चिकटलेले असते ते उन्हात मरते आणि वरच्या बाजूला जे असते ते अंधारात मरते. इतकी समज असलेला माणूसही, समोरच्या चाळीस जणांनी ‘हातात द्या, फोटो काढू द्या’ असा धोशा लावला आणि दिवसाची बक्षिसी त्यावर अवलंबून असली, तर किती काळ नकार देत राहील? ही मागणी आपल्याकडून जाते. ती थांबवणेही आपल्याच हाती आहे.

हाताइतकाच पायाचाही प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा तर होतच नाही. प्रवाळ दगडासारखे दिसते म्हणून लोक त्यावर पाय देऊन उभे राहतात. वस्तुतः त्या चुनखडीच्या सांगाड्यावर जिवंत पेशींचा अगदी पातळ थर असतो, आणि त्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाले राहतात. उन्हाच्या आधारे ती शैवाले अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. पाणी फार तापले की ही शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढरे पडते आणि ताण लांबला तर मरते. कच्छच्या आखातातले प्रवाळ मुळातच अत्यंत खडतर परिस्थितीत जगते. पाणी गढूळ, क्षार जास्त, उन्हाळ्यात प्रचंड उष्मा आणि हिवाळ्यात गारठा, शिवाय दर उधाणाला काही तास उघड्यावर. गोल आकाराचे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढते. म्हणजे कलिंगडाएवढी वसाहत ही एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांइतकी जुनी असू शकते. तिच्यावर बुटाची टाच पडते तेव्हा तेवढी वर्षे पुसली जातात. चालताना उडालेला गाळ आजूबाजूच्या प्रवाळांवर बसतो, तो वेगळाच.

या आखाताने आधीही पुष्कळ सोसले आहे. एके काळी येथली प्रवाळवाळू सिमेंटसाठी उपसली जात होती. फांद्या फुटणारे अ‍ॅक्रोपोरा जातीचे प्रवाळ येथून नाहीसेच झाले, आणि ते पुन्हा रुजावे म्हणून मिठापूरच्या समुद्रात गुजरात वनखाते आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी लक्षद्वीपहून त्याचे तुकडे आणून लावण्याचे काम हाती घेतले. वाडीनारच्या परिसरात तेलाचे तळ आणि नळवाहिन्या आहेत. त्या मोठ्या प्रश्नांपुढे पर्यटकाचे पाऊल क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. तेलवाहू जहाजे कुठे उभी राहावीत हे ठरवणे माझ्या हाती नाही, पण माझा पाय कुठे पडावा हे सर्वस्वी माझ्या हाती आहे. शिवाय ज्या थोड्या जागेत सामान्य माणसाला जाता येते तिथेच सारी पावले एकवटतात, त्यामुळे नराऱ्याच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर भार फार पडतो.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. ओहोटीच्या पूर्ण तळाची वाट न पाहता त्याआधी दीड-दोन तास उतरावे, मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जावे आणि पाणी वळले की वाटाड्याच्या पहिल्या हाकेला परतावे. या सपाट किनाऱ्यावर भरतीचे पाणी समोरून लाटेने येत नाही. ते आधी मागच्या खोलगट पाटांतून भरते आणि आपण उभे असलेला भाग बेट होऊन बसतो, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. एका ओळीत, वाळू आणि मृत थर पाहून पाय टाकावेत. चपला किंवा अनवाणी पाय चालणार नाहीत. जाड तळव्याचे, भिजले तरी चालतील असे, घोट्याला घट्ट बसणारे बूट हवेत, कारण कालवांच्या धारदार कडा पाय कापतात. हातात काठी असावी ती तोल सावरण्यासाठी, बिळात घालण्यासाठी नव्हे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी डबक्यांपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. तिवरांच्या कडेला सावकाश फिरले तरी निवट्या, खेकडे आणि हिवाळ्यात आलेले पाणपक्षी मनसोक्त पाहता येतात. आणि सहलीच्या दिवशी ओहोटी जुळतच नसेल तर नराऱ्याचा नाद सोडून जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात जावे. संस्थानी काळातल्या बांधाच्या एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारी दलदल असलेली ती जागा आता महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे आणि बांधावरची ती छोटी फेरी भरती-ओहोटीच्या अधीन नाही.

हे सारे गुजरातचे, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांना वाटू नये. प्रवाळ महाराष्ट्रातही आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 सालचे आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ पाहायला दर हंगामात लोकांची गर्दी उसळते. खुद्द मुंबईत, सागरी किनारा मार्गाच्या कामात आड येणाऱ्या 18 प्रवाळ वसाहती 2020 मध्ये वरळी आणि हाजीअली येथून हलवाव्या लागल्या, तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांना आपल्या दारात प्रवाळ आहे हे कळले. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून 2017 पासून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या होत आहेत. तिथे गट लहान असतो, वेळ तक्ता पाहून ठरते आणि प्राण्यांना त्यांच्या जागीच पाहिले जाते. जे मुंबईत उत्साही नागरिक आपल्या सुट्टीच्या दिवशी करू शकतात, ते पैसे घेऊन सहली नेणाऱ्या व्यावसायिकांना अशक्य असण्याचे कारण नाही.

माझी सहल कंपन्यांना विनंती आहे की, सौराष्ट्राच्या कार्यक्रमपत्रिकेत नराऱ्यापुढे त्या दिवशीची ओहोटीची वेळ छापावी, ती जुळत नसेल तर नरारा गाळून तसे आधीच सांगावे, चाळीस जणांचा एकच घोळका न नेता दहा-बारा जणांचे गट करून प्रत्येकाला स्वतंत्र वाटाड्या द्यावा, आणि प्राणी हाती दिले जाणार नाहीत हे बसमध्येच स्पष्ट करावे. गुजरात वनखात्यालाही विनंती आहे की, प्राण्यांना न हाताळणाऱ्या वाटाड्याचे उत्पन्न बुडणार नाही अशा रीतीने त्याचा मेहनताना ठरवावा आणि येणाऱ्यांत मराठी पर्यटकही असल्याने सूचनाफलकांवर मराठीलाही जागा द्यावी. वाचकांनी सहलीची नोंदणी करताना एवढेच विचारावे: आमच्या नराऱ्याच्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे? समोरच्याला उत्तर देता आले नाही, तर त्या सहलीत नरारा आहे असे धरू नये.

आपला,
एक नियमित वाचक
रत्नागिरी